जावयाला पोट किती

किशोर भागडेने पहिला फटका मारला आणि पांढरा बॉल टेबलावरून उठून ललिताच्या शिऱ्यात जाऊन बसला.

शिरा घट्ट झाला होता, त्यामुळे बॉल पडल्या जागी थांबला.

कुणी हसलं नाही. टेबलावर चुकणाऱ्याला थेट्यांच्या घरात हसत नाहीत. त्याच्याकडे नीट बघतात. धनराजने बायकोच्या हातातल्या ताटलीतून बॉल उचलला, त्याला चिकटलेला काजू सोडवला, बॉल रुमालाने पुसला आणि टेबलावर ठेवताना धाकट्या भावाकडे, शेखरकडे, अर्धी नजर टाकली. शेखरने ती नजर काउंटरमागे बसलेल्या थोरल्या बहिणीकडे, गोजराआत्याकडे, पोचती केली. आत्याने पानाचा डबा बंद केला.

"पुन्हा मारा," धनराज म्हणाला. "पहिला फटका आम्ही धरत नाही."

"सॉरी काका," किशोर म्हणाला. मग ताटलीकडे बघून, "सॉरी काकू." मग कुणी राहून जायला नको म्हणून तो बॉललाही काहीतरी पुटपुटला.

रविवारचे साडेअकरा वाजले होते. पंचवटीतल्या विठाई पूल पार्लरचं शटर अर्धं खाली होतं. रोजच्या गिऱ्हाइकांना 'आज घरचं कार्य आहे' असं सांगून परत पाठवलं होतं. कार्य म्हणजे हेच. धनराजच्या मुलीसाठी, वेदिकासाठी, इगतपुरीचं स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क. सोबत आई लताबाई, आणि लताबाईंसोबत घरच्या तांदळाची दहा किलोची पिशवी. मुलगी तर त्याने आधीच पाहिली होती. घोटीच्या एका लग्नात तिच्याच हातून त्याच्या शर्टावर मठ्ठा सांडला होता आणि पुढे पाच महिने दोघं फोनवर त्या डागाची चौकशी करत होते. राहिलं होतं ते मुलाला बघणं. आणि थेट्यांकडे जावई टेबलावर बघतात.

ही गोजराआत्याची अट होती. सिन्नरचा इंजिनीअर याच टेबलावर गेला. कुणी बघत नाही असं पाहून त्याने बाहीने बॉल दोन बोटं सरकवला होता. ओझरचा एक गेला, तो जिंकल्यावर हसला म्हणून. किशोर तिसरा.

आत्याने आयुष्यात कधी क्यू, म्हणजे खेळायची काठी, हातात धरला नव्हता. पण बाप भिका थेटे यांच्या भाजीच्या आडतीवर ती बारा वर्षं बसली होती, आणि तिथलं मोजमाप तिने जसंच्या तसं पूल पार्लरमध्ये आणलं. खेळाडू आण्यांत मोजायचा. चार आणे म्हणजे नवशिका, सोळा आणे म्हणजे देव. दुसरं माप होतं पोट. टोमॅटोच्या क्रेटमध्ये वरचा थर बघून भाव करायचा नाही, पोटात हात घालायचा, कारण वर चांगला माल आणि पोटात सडका. पूलच्या टेबलावर हे उलटं चालतं. वर सडका दाखवतात आणि पोटात चांगला ठेवतात. आठ आण्यांचा खेळ दाखवून चौदा आण्यांचा ठेवणारा असला की आत्या म्हणायची, "याला पोट हाय." मग धनराज त्याच्याशी पैज लावायचा नाही.

धनराजला स्वतःलाच कधीकाळी भलंमोठं पोट होतं. वेदिका लहान असताना सात वर्षं तो खताचा एजंट बनून मनमाड, देवळाली, भुसावळच्या क्लबांत हिंडला. बुटांना चिखल, हातात नमुन्याची पिशवी, चेहरा बैल हरवल्यासारखा. एकदा एका माणसाने खरंच दोन गोणी खताची ऑर्डर दिली, तेव्हा धनराज गडबडला आणि ती गेम प्रामाणिकपणे हरला.

आता त्याच्या टेबलावर किशोर दुसऱ्यांदा वाकला होता. शेखरशी एक गेम, एवढीच परीक्षा. नियम सोपे. एकाचे सात सॉलिड, म्हणजे एकरंगी, दुसऱ्याचे सात पट्ट्यावाले. पांढऱ्याने मारून आपले सात पॉकेटमध्ये घालायचे, मग काळा.

बॉल कसेबसे फुटले. पुढच्या पाळीला किशोरने पुन्हा मारलं. पांढरा बॉल कुणालाही न लागता पूर्ण टेबल फिरून आला आणि काळ्याच्या मागे जाऊन लपला. शेखरला समोर काहीही दिसेना.

"सॉरी," किशोर म्हणाला.

पुढच्या वेळीही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. किशोर काहीच घालत नव्हता, पण त्याचा प्रत्येक चुकलेला फटका शेखरला कोपऱ्यात कोंडत होता. सहाव्या वेळी शेखरने कपाळ पुसलं. त्याने गेम जिंकली खरी, पण त्याला अर्धा तास लागला आणि शर्ट पाठीला चिकटला.

आत्या हाताकडे बघत नाही, पायाकडे बघते. हात खोटं बोलायला शिकतो, पाय नाही. किशोरचे पाय बघून मात्र तिला काहीच कळेना. उजवा पाय दर फटक्याला वेगळ्या ठिकाणी होता. एकदा तो हवेत होता. इतकं वाईट कुणी असू शकतं का? वाईट असण्यालाही एक बेत असतो, माणूस रोज एकाच पद्धतीने वाईट खेळतो. याला तर तेवढीही शिस्त नव्हती. म्हणजे हे ठरवून. माणूस ओळखण्यात आत्या आयुष्यात एकदाच चुकली होती आणि त्या चुकीशी तिने अकरा वर्षं संसार केला होता. दुसऱ्यांदा चुकायचं नव्हतं.

ती स्टुलावरून उतरली. "धना, आत ये. शेखर, तू पण."

*

मागच्या खोलीत कोल्ड्रिंकचे क्रेट, मोडके क्यू आणि गणपतीची आरास असते. खोली आणि हॉल यांच्या मध्ये नुसतं प्लायवूड आहे, आणि प्लायवूडला आवाजाचं फारसं वावडं नाही. ललिता शिऱ्याची ताटली घेऊन मागोमाग आली, कारण ताटली कुठे ठेवावी हे तिला सुचत नव्हतं. त्या शिऱ्याला आता कुणी हात लावणार नव्हतं.

"पोट हाय," आत्या म्हणाली. "लय मोठं."

"मला पहिल्या फटक्यालाच वाटलं," शेखर म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "किती धरतेस, अक्का?"

"चौदा. पंधरा पण असल."

"पंधरा!" धनराज क्रेटवर बसला. "आणि वरून बघितलं तर काहीच वाटत नाही."

"तेच तर! लपवलंय किती सुंदर. दादा, असं माणूस शोधून सापडत नाही. लग्न उरकून टाका. पुढच्या महिन्यात मी याला मनमाडला घेऊन जातो."

"मी नाही देणार पोरगी."

"अरे, सकाळी तूच म्हणत होतास, मुलगा गरीब आहे, सरळ आहे!"

"सकाळी पोट माहीत नव्हतं." धनराजचा आवाज खाली आला. "शेखर, मी असाच होतो. सात वर्षं बाहेर खोटा चेहरा लावला आणि घरी आल्यावर तो निघेना. ललिताला विचार."

"मला काही विचारू नका," ललिता म्हणाली. "मुलगा सरकारी नोकरीत आहे. पोट काय, सगळ्यांनाच असतं थोडंफार."

"वेदिकाला माहीत असेल का?"

"तिला नाही कळलं तर कुणाला कळणार," आत्या म्हणाली. "पण पोर येडी झालीय पिरमात. लग्नाच्या आधी कळलं ते बरं झालं. आतलं कवा ना कवा भाईर येतंच."

दार उघडलं. दारात लताबाई उभ्या होत्या. त्या हात धुवायला बेसिन शोधत आल्या होत्या. हात अजून कोरडेच होते.

"कितवा महिना?" त्यांनी विचारलं.

शेखरला वाटलं, मुलगा किती महिन्यांपासून खेळतो असं विचारतायत. त्याने कौतुकाने मान हलवली. "महिने कसले, ताई! चार-पाच वर्षं तरी सहज झाली असतील."

लताबाईंनी दाराची चौकट धरली.

त्यांच्या डोक्यात काय चाललंय हे सगळ्यात आधी ललिताला कळलं. तिने ताटली क्रेटवर ठेवली आणि दोन्ही हात जोडले. "अहो नाही नाही! देवा! तसं काही नाही! वेदिकाला पोट नाही! पोट तुमच्या मुलाला आहे!"

याने फारशी मदत झाली नाही.

पुढची पाच मिनिटं धनराजने टोमॅटोच्या क्रेटपासून सगळं समजावून सांगितलं. आण्यांचा हिशोब झाला, वरचा थर झाला, पोट झालं. लताबाई ऐकत गेल्या. नवरा गेल्यावर अनुकंपेवर लागून त्यांनी रेल्वेत वीस वर्षं फायली वाहिल्या होत्या, त्यामुळे समोरचा लांबवून सांगतोय तेव्हा शेवटी काय निघणार हे त्यांना पहिल्या वाक्याला कळायचं. धनराज थांबला तेव्हा त्यांचा पदर खोचून झाला होता.

"म्हणजे माझा किशू खोटारडा आहे."

"खोटारडा असं नाही. हुशार."

"हुशार आणि खोटारडा."

"हो," शेखर आदराने म्हणाला.

वेदिका या वेळेपर्यंत लताबाईंच्या मागे येऊन उभी राहिली होती. पंचवीस वर्षांची, एम.कॉम., केसांत आईने बळजबरीने माळलेला गजरा. तिने फक्त शेवटची दोन वाक्यं ऐकली, आणि ती पुरली.

"आत्या, खरं?"

आत्याने मान हलवली. "लपवतोय, बाई. मी पाय पाह्यले."

वेदिकाने लग्नाबाबत घरच्यांपुढे एकच अट ठेवली होती. पगार, घर, गाडी, उंची कशावरही ती अडली नाही. वर दिसतो तोच माणूस आत असावा, एवढंच. तिचं सगळं लहानपण, बाप दारातून आत आला की आज तो कोण आहे हे ओळखण्यात गेलं होतं. किशोरने तिला फोनवर तीनदा सांगितलं होतं, मला पूल येत नाही. तीनदा.

"चला," लताबाई म्हणाल्या. "आत्ता लावा निकाल. या पुरुषांशी नको, हे सगळे पक्के आहेत. तुमच्या मुलीशी खेळेल किशू. माझा मुलगा खात्याच्या परीक्षेत दोनदा पहिला आलाय, एका पोरीला तो सहज हरवेल. जिंकला तर आत्ता इथेच सुपारी फोडू. आणि पोरीकडून हरला तर मी माझे तांदूळ उचलून निघाले. बायकोपुढे हरलेला नवरा मला घरात नको."

थेट्यांपैकी कुणीही सांगितलं नाही की वेदिका चौदा आणे आहे. मुद्दाम लपवलं असं नाही. खरे आणे बाहेरच्याला सांगायचे नसतात, ही त्या घरातली सवय होती, इतरांकडे चपला दारात काढतात तशी.

*

वेदिकाने क्यूला चॉक लावताना सगळा गुंता मनात मांडून पाहिला. किशोर जिंकला तर त्याला खेळता येतं, म्हणजे तो पाच महिने खोटं बोलला, म्हणजे लग्न नको. हरला तर तो खरा, आणि मग त्याची आई तांदूळ उचलणार. दोन्हीकडून तिच्या हाती काही येत नव्हतं. तिला एकच गोष्ट करता येण्यासारखी होती, ती म्हणजे कळून घेणं.

"मुद्दाम हरायचं नाही हं," लताबाईंनी उंच स्टुलावर चढून बसत बजावलं. "मी बघतेय. माझ्या पोराला कुणाची भीक नको."

"एकला लाइट जाते," ललिता म्हणाली. हॉलला खिडक्या नव्हत्या, गिऱ्हाइकाला वेळ कळू नये म्हणून धनराजनेच त्या बुजवल्या होत्या. "इन्व्हर्टर फक्त पंख्याला आहे. काय ते त्याच्या आत करा."

वेदिकाने बॉल फोडणारा पहिला फटका, ब्रेक, मारला. मग राग तिच्या हातात उतरला. एक, दोन, तीन, चार, पाच. लागोपाठ पाच सॉलिड पॉकेटमध्ये गेले तेव्हा लताबाई स्टुलावर पुढे सरकल्या.

"ही इतकं कसं खेळते?"

"पोरं येतात, बघून बघून शिकली असेल," धनराज कसनुसा होत म्हणाला.

किशोर तोंड उघडं ठेवून बघत होता. "भारी गं," तो म्हणाला, आणि खरंच त्याला आनंद झालेला दिसला. वेदिकाला तो आनंद आणखीच संशयास्पद वाटला. ती त्याच्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "खरं सांग. याआधी कधी खेळलायस?"

"आज सकाळी. तुझ्या काकांशी."

"त्याआधी?"

"कॅरम." त्याने थोडा विचार केला. "तेही येत नाही."

सहाव्या बॉलला तिने मुद्दाम थोडं जाड मारून तो चुकवला. पांढरा वळून टेबलाच्या मध्याजवळ थांबला. तिथून एक पट्ट्यावाला थेट समोर, पॉकेटच्या ओठावर लोंबत होता. पोटवाल्याला ओळखायची ही बापाची जुनी रीत. लपवणारा सगळं लपवेल, पण बाजी मोठी असली आणि बॉल असा लोंबत असला की त्याचा हात राहत नाही.

किशोरने घड्याळ काढून खिशात ठेवलं. बाह्या दुमडल्या. वाकला, उठला, दुसऱ्या बाजूने जाऊन पॉकेट बघून आला. शेखर मनातल्या मनात मनमाडच्या गाडीत बसला होता. धनराज टेबलाकडे पाठ करून उभा होता. किशोरने जीभ दातांत धरली, क्यू मागे नेला, खांद्यापर्यंत मागे नेला, आणि मारला.

चर्र.

क्यूचं टोक पांढऱ्याच्या अलीकडे कापडात घुसलं आणि वीतभर फाडत गेलं. पांढरा दोन बोटं सरकला आणि थांबला. हिरव्या कापडाखालून टेबलाची काळी फरशी दिसायला लागली.

धनराजच्या तोंडून एक आवाज निघाला. तो ललिताने तिच्या दोन्ही बाळंतपणांत मिळूनही ऐकला नव्हता.

"काका," किशोर म्हणाला, "हे आतून असंच असतं का?"

आत्या आली. तिने त्या चिरेत बोट घातलं, सगळीकडे फिरवलं, जणू क्रेट तपासतेय. मग बोट बाहेर काढून तिने किशोरकडे बराच वेळ पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नाय," ती म्हणाली. "कायच नाय. वर दोन आणे, आत दोन आणे. मोटं पोट असलेली मी लय पाह्यली. कापड फाडणारा येक नाय. ढोंगी माणूस टेबलाला जपतो."

"हे कौतुक आहे की काय आहे?" लताबाईंनी विचारलं.

"कौतुकच, बाई."

*

एका क्षणात घर इकडचं तिकडे झालं. शेखर भिंतीला टेकला. दोन आणे! मनमाडची गाडी त्याच्याविना गेली. "दादा, ही माणसं बरी आहेत, पण घाई नको," तो म्हणाला. आणि धनराज, ज्याचं कापड नुकतं फाटलं होतं, तो भावाच्या कानाशी येऊन दात आवळत म्हणाला, "गप बस. असा मुलगा मला उभ्या महाराष्ट्रात मिळणार नाही. याला जिंकवायचंय."

"हा? हा जिंकणार?"

"तू फक्त साथ दे."

तेव्हापासून विठाई पूल पार्लरमध्ये जे झालं त्याला त्या घराण्याची सर्वांत मोठी कामगिरी म्हणायला हरकत नाही, पण तिची नोंद कुठे होणं शक्य नव्हतं. पूर्वी ही माणसं हरायची ती पुढे जिंकण्यासाठी. नुसतं हरण्यासाठी ती कधी हरली नव्हती.

वेदिका सोपे बॉल केसाच्या अंतराने चुकवू लागली आणि चुकताना किशोरचे बॉल पॉकेटच्या तोंडाशी नेऊन ठेवू लागली. किशोर ते तिथून परत आणत होता. चार बॉल तिने ओठावर ठेवले, चारही त्याने सुरक्षित मध्यभागी पोचवले. पाचवा शेखरने "अरेच्चा" म्हणत कमरेने टेबलाला धक्का देऊन पाडला. सहावा पंख्याच्या वाऱ्याने गेला असं धनराजने जाहीर केलं. ललिताला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती लताबाईंना सतत चहा विचारत होती आणि चहा विचारताना नेमकी मध्ये उभी राहत होती.

"बाजूला व्हा जरा," लताबाई म्हणाल्या. "जमतंय का त्याला?"

"जमतंय की!"

"मग हे तिचे बॉल आपोआप का जातायत?"

हीच अडचण होती. किशोर मध्येच वेदिकाचाच एखादा बॉल घालत होता. पावणेएक वाजता तिचे सगळे सॉलिड संपले. त्यातले शेवटचे दोन त्याने घातले होते. तिच्यापुढे फक्त काळा उरला होता, त्याच्यापुढे पाच पट्ट्यावाले. त्याच्या वेगाने ते पाच जायला दिवाळी लागली असती, आणि काळा घातला की ती जिंकत होती.

हरायचा एकच रस्ता होता. काळा घालताना पांढराही पॉकेटमध्ये गेला की घालणारा हरतो. पण लताबाई स्टुलावरून उतरून टेबलाच्या कडेला हनुवटी आणून उभ्या होत्या. पांढरा थेट काळ्यामागे गेला तर त्यांना लगेच कळलं असतं. तो लांबून, रेंगाळत, कुणाचाच दोष नसल्यासारखा जायला हवा होता. टेबलाच्या तीन कडांना आपटून. आणि मध्ये वीतभर फाटलेलं कापड.

वेदिका वाकली. पाच वर्षांची असल्यापासून बापाला तिने हे करताना पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी तिला शिसारी आली होती. हात आपोआप बापासारखा झाला. अंगठा थोडा बाहेर, श्वास अर्धा. तिने एकदा किशोरकडे पाहिलं. तो हात जोडून उभा होता. ती जिंकावी म्हणून की आपण जिंकावं म्हणून, हे त्यालाही माहीत नसावं.

तिने मारलं. काळा सरळ, स्वच्छ, मधल्या पॉकेटमध्ये पडला.

"हरला!" लताबाई म्हणाल्या आणि तांदळाच्या पिशवीकडे वळल्या.

"थांबा," धनराज म्हणाला.

पांढरा चालत होता. पहिली कड. दुसरी कड. तिसऱ्या कडेवरून तो मंद होत फाटलेल्या जागेवर आला, चिरेत उतरला, डुगडुगला. शेखरने टेबलाकडे कंबर नेली, आत्याने त्याचा शर्ट धरून त्याला मागे ओढलं. पांढरा त्या चिरेच्या काठावरून जेमतेम वर आला, थोडं वळण घेतलं, कोपऱ्यातल्या पॉकेटच्या ओठावर पुरता उभा राहिला, आणि मग आत गेला.

वेदिकाने कपाळावर हात मारला. किंचित उशिरा मारला, हे फक्त धनराजला कळलं. बाकी त्या फटक्यात त्याला कसलीही खोट काढता आली नसती. सात वर्षांत त्याला स्वतःला असा एकही बसला नव्हता. त्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि त्याच वेळी कुठेतरी जाऊन बसावंसं वाटलं. त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"गेला की पांढरा!" ललिता म्हणाली. "म्हणजे हिचं काय?"

"काळ्याबरोबर पांढरा गेला की मारणारा हरतो," धनराज म्हणाला. आवाज त्याने कोरडा ठेवला. "किशोरराव जिंकले."

लताबाईंनी पिशवी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "मी काय म्हणत होते! आणा सुपारी."

"आई, थांब," किशोर म्हणाला.

सगळे थांबले.

"हे काही खरं जिंकणं नाही. मी काहीच घातलं नाही. घातले ते तिचेच घातले. एक तर शेखरकाकांची कंबर लागून गेला, मी पाहिलं." त्याने वेदिकाकडे वळून विचारलं, "तू मुद्दाम नाही ना केलंस?"

लताबाई तिच्याकडे बघत होत्या. आत्या तिच्या पायांकडे बघत होती. ज्या माणसासाठी हे केलं तोच आता हे सगळं मोडायला निघाला होता, आणि तोही ज्या कारणासाठी तिला हवा होता नेमक्या त्याच कारणासाठी.

"नाही," वेदिका म्हणाली. "चुकलं माझं. कडेचा अंदाज आला नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग ठीक आहे," किशोर म्हणाला. लगेच. इतक्या लगेच की तिला काहीतरी आणखी सांगावंसं वाटलं, पण सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याचा चेहरा फुलला. ललिता सुपारी आणायला वर धावली. शेखर शटर वर करायला गेला. आत्या आपल्या स्टुलावर जाऊन बसली आणि पान लावायला लागली.

किशोर टेबलाशी आला. त्याने क्यू पुन्हा हातात घेतला, या वेळी जरा ऐटीत.

"ऐक ना," तो म्हणाला, "शेवटी शेवटी मला हात बसल्यासारखा वाटला. लाइट जायला अजून दहा मिनिटं आहेत. एक गेम होईल? आणि लग्नानंतर आपण रोज एक खेळत जाऊ. इगतपुरीला रेल्वेच्या क्लबात टेबल आहे. खरं खरं खेळायचं पण. माझ्यासाठी सोडायचं नाही."

तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच्या घरातली माणसं दीर्घायुषी होती, लताबाईंकडे बघून तरी तसंच वाटत होतं. वेदिकाने मनातल्या मनात रोज एक मुद्दामची हार धरून पन्नास वर्षांचा हिशोब करून पाहिला.

"खेळू की," ती म्हणाली, आणि बॉल गोळा करायला लागली.